भालेराव सरांचे साडेसहा

पेपरचा गठ्ठा दौलत भालेराव सरांकडे गेलाय असं कळलं की भौतिकशास्त्राच्या मुलांचे चेहरे पडायचे. "कोणाकडे गेलाय?" "भालेराव." "मेलो." संवाद एवढाच. कल्याणच्या त्या कॉलेजात शिकवायला लागून सरांना तीस वर्षं होत आली होती आणि एवढ्या काळात त्यांच्या हातून शंभरात सत्तर कुणाला सुटले नव्हते. नापास मात्र ते फारसं कुणाला करत नसत. काठावर घुटमळणाऱ्या मुलाचा पेपर ते पुन्हा पहिल्यापासून तपासायचे, कुठे अर्धा गुण द्यायचा राहिलाय का ते शोधायचे. वरच्या टोकाला मात्र त्यांचा हात आखडायचा. साठ म्हणजे फर्स्ट क्लास, आणि फर्स्ट क्लास म्हणजे पुष्कळ झालं, असं ते म्हणायचे.

लोकांना हा चिक्कूपणा वाटे. सरांच्या मनात त्याचं कारण वेगळंच होतं. कोळसेवाडीतल्या चाळीत ते वाढले. वडील रेल्वेच्या लोको शेडमध्ये. वस्तीतला विज्ञानाचा पहिला पदवीधर म्हणून बुद्धविहारात त्यांचा सत्कारही झाला होता. पण त्याच्या आदल्या दिवशी, कॉलेजच्या फलकावर निकाल बघत उभे असताना, मागून कुणीतरी आवाज मुळीच न दबवता म्हणालं होतं, "यांचं काय, यांना देतात." सरांनी मागे वळून पाहिलं नाही. एकसष्ट टक्के होते. त्यातला एकेक टक्का त्यांनी चाळीच्या जिन्यात बसून, वरच्या बिऱ्हाडाच्या दिव्याखाली कमावला होता. तेव्हापासून फुकटचा गुण घ्यायचा नाही आणि द्यायचाही नाही, हे त्यांच्या अंगातच भिनलं. इतर विभाग प्रात्यक्षिकाला विसापैकी वीस वाटत, तेव्हा हे तेरा देत आणि कुणी भांडायला आलं तर वही उघडून तेराही कसे जास्त आहेत ते दाखवत.

घरी बायकोच्या बाबतीतही तेच. "माझ्या आमटीला इतक्या वर्षांत एकदा 'बरी' म्हणालात," नंदाताई म्हणायच्या. त्या महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, जिभेला धार. "आणि तेही पाहुणे बसलेले म्हणून."

कॉलेज स्वायत्त झालं आणि सरांना पहिल्यांदा वाटलं की आपल्या या सवयीचं काही चीज होईल. स्वायत्त म्हणजे अभ्यासक्रम आपला, परीक्षा आपल्या, नियमही आपले. नियम करायचे विद्या परिषदेने. विद्या परिषद म्हणजे प्राचार्य, सगळे विभागप्रमुख, निवडून आलेले काही शिक्षक आणि बाहेरचे दोन-तीन तज्ज्ञ. विभागप्रमुख म्हणून सरही तिच्यात होते. शिक्षकांचं मूल्यमापन तोवर मुलांच्या हातात होतं. मुलं मोबाइलवर तारे द्यायची, जो हजेरी सोडायचा त्याला पाच आणि जो पकडायचा त्याला एक. त्या ताऱ्यांवरून करारावरच्या शिक्षकांना पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही ते संस्था ठरवायची.

सरांनी परिषदेत ठराव आणला. शिक्षकाला शिक्षकानेच तपासावं. प्रत्येकाच्या वर्गात दोन सहकाऱ्यांनी पूर्ण तास मागे बसावं, दहापैकी गुण द्यावेत, दोघांची सरासरी धरावी. आणि एकदा दिलेला गुण कुणालाही, अगदी देणाऱ्यालाही, बदलता येऊ नये. हे शेवटचं कलम त्यांनी मुद्दाम घातलं होतं. संस्थेतून फोन आला, दोन गुण वाढवा किंवा कमी करा, की शिक्षकाला सरळ सांगता यावं की आता माझ्या हातात काही नाही.

"आणि पासिंग किती?" रसायनशास्त्राच्या रचना पेंडसे मॅडमनी विचारलं होतं. "किती गुणांच्या खाली गेलं की करार संपणार?"

"ते आपण ठरवायचं नाही," सर म्हणाले. "तपासणाऱ्याला पासिंग माहीत असलं की तो पेपर बघत नाही, पासिंग बघतो. ते संस्थेच्या नियामक मंडळाने ठरवावं. आपण प्रामाणिकपणे गुण द्यायचे."

सगळ्यांनी बाकं वाजवली. पासिंग म्हणजे दहापैकी चार, फार तर पाच, हे सरांनी इतकं गृहीत धरलं होतं की त्यावर विचार करावा असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. आयुष्यात त्यांनी दुसरं पासिंग पाहिलंच नव्हतं.

जानेवारीत त्यांच्या वाट्याला दोन वर्ग आले. एक प्राणिशास्त्राच्या बाळ सरांचा आणि एक त्यांच्याच विभागातल्या रसिका भोईरचा. रसिका टिटवाळ्याजवळच्या गावातली, आगरी घरातली. तिच्या घरात मुलींनी बारावीपुढे जायची पद्धत नव्हती. ती सरांचीच विद्यार्थिनी. एम.एस्सी., नेट सगळं करून पाच वर्षं करारावर शिकवत होती. दर जूनला नवा करार आणि दर जूनला तीच आशा, की कायम जागेची जाहिरात येईल आणि सलग सेवा मोजली जाईल.

सर मागच्या बाकावर बसले. विषय अवमंदित दोलनांचा होता. हळूहळू विझत जाणारी हालचाल.

"स्टेशनवरून रिक्षाने कोण कोण आलं?" रसिकाने विचारलं. निम्मे हात वर. "खड्ड्यातून गेल्यावर रिक्षा किती वेळ हलते?"

"मॅडम, उतरल्यावर पण हलतं," मागून एकजण म्हणाला. वर्ग हसला.

"म्हणजे त्याचा शॉकॲब्झॉर्बर मेलाय. नवा असेल तर असं होतं, जुना असेल तर असं." तिने फळ्यावर दोन वक्र काढले, मग समीकरण मांडायला घेतलं. लिहिता लिहिता घातांकातलं उणे चिन्ह राहिलं. सरांचा पेन वर आला. रसिका पुढची ओळ लिहून थबकली, दोन पावलं मागे गेली आणि हसली. "थांबा. मी लिहिलंय ते खरं असेल तर तुमची रिक्षा थांबणारच नाही. प्रत्येक हेलकाव्याला जास्त हलेल. हलत हलत पार खाडीत. काय चुकलं, सांगा." दिवा स्टेशनहून येणाऱ्या एका अबोल मुलीने ते बरोबर सांगितलं, आणि मग उणे चिन्ह काय करतं ते त्या वर्गाला कळलं. जन्मभर विसरणार नाहीत असं कळलं.

सरांनी आधी सहा लिहिले. मग त्या चुकीचा तिने जो उपयोग केला त्यासाठी अर्धा वाढवला. शेऱ्यात लिहिलं, 'विषयावर पकड चांगली. चिन्हाची एक चूक, स्वतः सुधारली.' साडेसहा. याहून जास्त त्यांनी कुणाला दिले नव्हते. परत येताना ते इतके खुशीत होते की स्टाफरूममध्ये त्यांनी स्वतःहून दुसरा चहा मागवला. रसिकाला मात्र ते काही बोलले नाहीत. तपासणाऱ्याने बोलायचं नसतं.

मे महिन्यात, प्रात्यक्षिक परीक्षा चालू असताना, रसिका मोबाइल हातात धरून प्रयोगशाळेत त्यांच्या टेबलापाशी आली.

"सर, हे वाचा."

पुढील शैक्षणिक वर्षासाठी आपल्या सेवेची आवश्यकता नाही, असं होतं. मूल्यमापनाची सरासरी पावणेआठ. आवश्यक सरासरी आठ.

"आठ?" सर म्हणाले. "आठ कोणी ठरवलं?"

"मला कसं माहीत असणार? मला एवढंच माहितीये की माझ्या वर्गात दोघं बसलेले. रचना मॅडम आणि तुम्ही. मॅडमनी नऊ दिलेत, त्या मला स्वतःहून सांगून गेल्या."

सरांनी चष्मा काढला. "मी साडेसहा दिलेत. रसिका, ते मी दिलेले सगळ्यात जास्त आहेत."

ती बारीकसं हसली. रागाने हसली असती तर सरांना बरं वाटलं असतं. "सर, मला तुम्ही पेपरला चोपन्न दिलेले, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटलेले. मला कळतंय हो. ह्या मेलला कळत नाही ना."

"यात काहीतरी चूक झालीय."

"चूक असो नाही तर काही असो. एक वर्ष जरी खंड पडला तर माझी पाच वर्षं गेली. जाहिरात आली की मी परत नवीन. सदतीस चालू आहे मला." तिने मोबाइल पालथा ठेवला. "बंटीला अजून सांगितलेलं नाही. त्याला सांगू का थांबू, तेवढं सांगा."

बंटी म्हणजे तिचा नवरा.

"थांब," सर म्हणाले.

कॉमर्सचे तानाजी शेलार हे कॉलेजातले सगळ्या बातम्यांचे धनी. सर त्यांना घेऊन फाटकाबाहेरच्या चहावाल्याकडे गेले.

"आठ कुठून आले, तानाजी?"

"मार्क बघून आले. अजून कुठून येणार?" तानाजीने ग्लास फुंकला. "तुमच्याकडे ॲडमिशन घटले. मंडळाला करारावरचा एक माणूस कमी करायचाच होता. सगळ्यांचे मार्क समोर ठेवले. सगळे नवाच्या घरात, तुमच्या रसिकाबाई खाली. आठवर रेष मारली, झालं. त्यांना शोधायलापण लागलं नाही."

"सगळे नवाच्या घरात कसे?"

तानाजी त्यांच्याकडे बघतच राहिला. "सर, सगळ्यांनी सगळ्यांना नऊ दिले."

"असं ठरलं होतं?"

"ठरवायला काय लागतंय त्यात? आज मी तुमच्या वर्गात बसतो, उद्या तुम्ही माझ्या. कोण कोणाला सात देणार आहे? मी तर मराठीवाल्या मॅडमच्या तासाला गेलोच नाही, कॅन्टीनमध्ये बसून नऊ लिहिले. छान शिकवतात त्या, सगळे म्हणतात." तो हसला आणि सरांचा चेहरा बघून थांबला. "तुम्ही बाळ सरांना पण साडेपाच दिलेत. ते परमनंट, त्यांचं काय वाकडं होत नाही. पण ते आता तुमच्याकडे बघत नाहीत, हे तरी तुमच्या लक्षात आलंय का?"

आलं नव्हतं.

प्राचार्य सरोज टिपणीस यांनी सरांचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. त्या कधी कुणावर आवाज चढवत नसत. "भालेराव सर, तुम्ही म्हणता ते मला पटतं. पण मी तुमचा गुण बदलू शकत नाही आणि तुम्हीही बदलू शकत नाही. कलम कोणाचं आहे ते मी तुम्हाला सांगायला नको."

"ते संस्थेचा दबाव येऊ नये म्हणून घातलं होतं."

"हो. आणि संस्थेने दबाव आणलेलाच नाही. त्यांनी फक्त रेषा ठरवली. तोही अधिकार त्यांना तुमच्याच ठरावाने दिला." त्या थोडं थांबल्या. "परिषदेने कलम बदललं तरच काही होईल. येत्या बैठकीत दुरुस्ती मांडा. पण नुसती रेषा उंच आहे असं म्हणालात तर कोणी ऐकणार नाही. तुमचा गुण चुकला, असं तुम्हालाच म्हणावं लागेल."

त्या रात्री सर जेवायचे थांबून भिंतीकडे बघत पुटपुटत बसले, तेव्हा नंदाताईंनी विचारलं, "काय पुटपुटताय?"

"'माझं मूल्यमापन चुकलं' असं म्हणायचंय परिषदेत."

"चुकलं का?"

"नाही. साडेसहाचाच तास होता तो. उत्तम साडेसहाचा."

"मग?"

"मग तिची नोकरी जाते."

नंदाताईंनी त्यांच्या ताटात आमटी वाढली. "म्हणून टाका. जन्मात एकदा कुणाला तरी फुकट द्या. आभाळ नाही कोसळत."

फुकट हा शब्द सरांना रुचला नाही. पण त्यांनी मान हलवली.

परिषदेची बैठक वातानुकूलित सभागृहात होती. हिवाळ्यात कॉलेजला दर्जा ठरवून देणारी नॅकची समिती येणार होती आणि पहिला विषय त्याच तयारीचा होता. सहकाऱ्यांनी सहकाऱ्यांचं मूल्यमापन करण्याची ही पद्धत आपला सर्वोत्तम उपक्रम म्हणून समितीपुढे मांडायची, असं ठरलं. बाहेरून आलेले एक ज्येष्ठ प्राध्यापक त्याचं कौतुक करत होते. सरांचा विषय सगळ्यात शेवटी आला, तेव्हा निम्मे लोक घड्याळं बघत होते.

सर उभे राहिले. पाठ केलेलं वाक्य त्यांनी म्हटलं. "प्राध्यापिका रसिका भोईर यांचं मी केलेलं मूल्यमापन चुकलं. तो गुण दुरुस्त करता यावा, म्हणून कलम सहा या वर्षापुरतं शिथिल करावं, अशी मी दुरुस्ती मांडतो."

बाहेरच्या प्राध्यापकांनी कागद उलटला. "तुमचा शेरा चांगला दिसतो. मग गुणात नेमकं काय चुकलं?"

इथे सरांनी खोटं बोलायला हवं होतं. त्या दिवशी माझी तब्येत बरी नव्हती, तास पूर्ण ऐकला नाही, असं काहीही. प्राचार्यांनी तर तसं सुचवल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलंही. पण सरांना ते जमलं नाही. "माझी मोजपट्टी वेगळी आहे," ते म्हणाले. "माझ्याकडे साडेसहा म्हणजे फर्स्ट क्लासच्या वर. त्यांच्याइतके मी कुणालाच दिलेले नाहीत."

सभागृहात हशा पिकला. बाळ सर हसले नाहीत.

"म्हणजे तुमच्या मते तुमचे साडेसहा बरोबर आहेत," बाहेरचे प्राध्यापक सावकाश म्हणाले. ते कुणाला अडचणीत आणायला आले नव्हते, त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं. "मग बाकीच्यांचे हे सगळे नऊ कसे समजायचे?"

हसू थांबलं. सरांनी टेबलाभोवती नजर फिरवली. यातला कॉलेजचा प्रत्येक माणूस रसिकाला ओळखत होता. तिच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी यातल्या निम्म्यांनी खाल्ली होती.

"त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही," सर म्हणाले. पण तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"दुरुस्ती मांडली गेली आहे," प्राचार्य म्हणाल्या. "अनुमोदक?"

अनुमोदक एकच लागतो. एक हात वर झाला की विषय चर्चेला जातो, चर्चेतून मतदानाला. तानाजी समोरच्या बशीतलं बिस्किट बोटाने फिरवत होता. रचना मॅडमनी मोबाइल उचलून परत ठेवला. प्राचार्यांनी नियमापेक्षा जास्त वेळ वाट पाहिली, हे सर नंतरही मान्य करत.

"अनुमोदक?" त्यांनी पुन्हा विचारलं. मग म्हणाल्या, "अनुमोदनाअभावी दुरुस्ती विचारात घेता येत नाही."

इतिवृत्तात त्याखाली आणखी एक ओळ आली. मूल्यमापनात एकसूत्रता यावी म्हणून परीक्षक शिक्षकांसाठी प्रशिक्षण घ्यावं, आणि त्याची सुरुवात भौतिकशास्त्र विभागापासून करावी.

जिन्यात रचना मॅडमनी सरांना गाठलं. त्यांचे डोळे भरले होते. "सर, माझा हात वर जात होता. शपथ. पण नॅक येणार आहे, आणि तुमचे साडेसहा खरे म्हटले की मी तिला दिलेले नऊ, मला मिळालेले नऊ, सगळंच... माझं प्रमोशन त्याच फाइलमध्ये आहे हो."

"तुमचे नऊ तिला वाचवायला कमी पडले, एवढंच," सर म्हणाले. त्यांना तसं लागेल असं बोलायचं नव्हतं.

रसिका प्रयोगशाळेत थांबली होती. परीक्षेची शेवटची बॅच सुटली होती आणि ती भिंगं पुसून पेटीत ठेवत होती. सर दारात आले. तिने त्यांच्या चालण्यावरूनच ओळखलं असावं, कारण तिने काही विचारलं नाही.

"घरी सांग," सर म्हणाले.

"सांगितलं. परवाच." तिने पेटीचं झाकण लावलं. "बंटी म्हणाला, सरांना त्रास नको देऊस, ते काय मुद्दाम नाही करणार. माझी सासू म्हणाली, मुद्दाम केलं असतं तर निदान पाया पडून मिटवलं असतं."

सरांना बसावंसं वाटलं. ते बसले. पंखा फिरत होता. रसिकाने बाकीच्या पेट्या कपाटात लावल्या, किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि समोर स्टूल ओढून घेतलं.

"सर, डोंबिवलीला एक क्लास आहे. अकरावी-बारावी, नीटची बॅच. सोमवारी बोलावलंय. कॉलेजच्या हेडचं शिफारसपत्र आणा म्हणालेत. द्याल?"

"देतो. आता देतो." त्यांनी विभागाचा छापील कागद काढला आणि लिहू लागले. त्यांचं अक्षर फळ्यावर होतं तसंच कागदावर, सुटं आणि उभं. अर्ध्या पानात पत्र संपलं. तिच्याकडे सरकवून ते म्हणाले, "वाच."

रसिकाने वाचलं. 'विषयावर पकड चांगली. वर्गावर नियंत्रण समाधानकारक. कामात नियमित.' तिने कागद हलकेच परत सरकवला.

"सर, राग मानू नका. क्लासवाले 'समाधानकारक' वाचून परत पाठवतील."

"मग काय लिहू?"

"'उत्कृष्ट' लिहा."

सरांनी नवा कागद घेतला. "विषयावर पकड उत्कृष्ट."

"'असामान्य' लिहिलंत तर बरं होईल."

ते क्षणभर थांबले आणि त्यांनी 'असामान्य' लिहिलं. तीस वर्षांपूर्वीच्या त्यांच्या सरांनाही त्यांनी हा शब्द कधी लावला नव्हता.

"'विद्यार्थ्यांमध्ये अत्यंत लोकप्रिय.'"

"अत्यंत," सर पुटपुटले आणि लिहिलं.

"'आमच्या विभागातल्या सर्वोत्तम शिक्षिका.'"

हे मात्र त्यांनी न थांबता लिहिलं. रसिकाच्या ते लक्षात आलं आणि तिने स्टूल आणखी जवळ ओढलं. मग पुन्हा सांगू लागली. 'त्यांना सोडताना आम्हांला खेद होत आहे.' तेही त्यांनी लिहिलं. ती सांगत गेली, ते लिहीत गेले. पूर्वी याच टेबलापाशी ते सांगायचे आणि ती प्रयोगाच्या नोंदी लिहून घ्यायची. आता सर शेवटच्या ओळीशी आले, सही केली, शिक्का उमटवला आणि वर पाहिलं.

"अजून काही घालू?"

"नको सर," रसिका म्हणाली आणि शाई वाळावी म्हणून तिने कागदावर फुंकर घातली. "जास्त झालं तर त्यांना खोटं वाटेल."